हैबती भोयाचा चिमट्या

आधी ते पिल्लू खाली ठेवा. ठेवा म्हणतो ना. आणि बोट त्याच्या तोंडात असताना असं हिसकून काढू नका, मघापासून तीनदा सांगून झालं. बेलडोहात येऊन पिल्लाच्या तोंडातून हात हिसकणारा माणूस पाहुणाच असणार, हे आमची शेंबडी पोरंसुद्धा ओळखतात. द्या इकडे त्याला. बसू दे माझ्या मांडीवर, चावू दे माझा अंगठा. मी हलणार नाही. तुम्हीही गोष्ट संपेपर्यंत हलू नका.

तर ही गोष्ट नदीवर पूल नव्हता तेव्हाची. किती वर्षं झाली ते विचारू नका, माझ्या पणज्याच्या कानावर आली तेव्हाच ती जुनी झाली होती. त्या काळी बेलडोहात हैबती भोई नावाचा नावाडी होता. नावाडी म्हणायचं आपलं. नाव होती कुठे त्याच्याकडे? त्याच्याकडे होती काहील, म्हणजे उसाचा रस उकळायची ती भलीमोठी गोल लोखंडी कढई. गाव सगळं उसाचं. दसऱ्यानंतर गुऱ्हाळं लागायची तेव्हा काहील चुलाणावर चढायची, आणि पावसाळ्यात नदी फुगली की तीच काहील पाण्यात उतरायची. दहा माणसं तिच्यात उकिडवी बसायची आणि हैबती वल्हं मारत त्यांना पलीकडे न्यायचा.

काहिलीला पुढचं टोक नसतं आणि मागचंही नसतं. ती पाण्यात गरगर फिरते. तिच्यात एकानं जरी दचकून अंग झटकलं तरी ती कलते आणि दहाच्या दहा जण डोहात जातात. म्हणून हैबतीचा एकच नियम होता, हलायचं नाही. नाकावर माशी बसली तर बसू द्यायची. पाठीला खाज आली तर पलीकडच्या काठावर जाऊन खाजवायची. आणि कोणी जरा चुळबुळ केली की हैबती ओरडायचा, "हलू नगाऽऽ!" त्याचा तो आवाज ऐकून तीन कोसांवरच्या शेतातले बैल नांगर ओढायचे थांबायचे, असं म्हणतात.

तापट होता माणूस. दिवसभर लोकांना हलू नका, हलू नका सांगून त्याचं डोकं कायम फिरलेलं असायचं. घरी आल्यावर भाकरी करपली म्हणून तो भाकरीवरही ओरडायचा. त्याची बायको सारजा मात्र शांत होती. ती त्याचं ओरडणं संपेपर्यंत दुसरी भाकरी थापून घ्यायची.

आता गावाची एक खोड सांगतो, कारण सगळा घोळ तिच्यामुळे झाला. बेलडोहात गुळाला तोटा नव्हता. म्हणून इथे कोणी चिडला, कोणी भांडला, कोणी दारात येऊन आरडाओरडा केला, की त्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवायची रीत होती. घे, तोंड गोड कर, आणि गप बस. बांधाचं भांडण असो, सासू-सुनेचं असो, जो जास्त ओरडेल त्याला मोठा खडा. प्रत्येकाच्या कनवटीला, पदराच्या गाठीला गूळ असायचाच. हे बरं की वाईट, याचा कोणी कधी विचार केला नव्हता.

त्या वर्षी श्रावणात नदीला पूर आला. पुराबरोबर ओंडके आले, छपरं आली, आणि एका मोडक्या टोपलीत बसून एक पिल्लू आलं. तांबूस रंगाचं, मुठीएवढं, कान ओले. टोपलीत ते एकटंच होतं. आई नाही, भावंडं नाहीत. हैबतीनं वल्ह्यानं टोपली ओढली, पिल्लाला मानगुटीला धरून उचललं, आणि पिल्लानं पहिलं काम काय केलं असेल तर त्याच्या अंगठ्याला कडकडून चावलं.

हैबती असा ओरडला की टोपली परत वाहून गेली, असं म्हणतात. पण पिल्लू राहिलं. नदीनं हातात दिलेलं नदीत परत टाकायचं नाही, अशी भोयांची रीत आहे. ओंडका असो नाहीतर जीव, एकदा काढला की तो आपला. म्हणून हैबती त्याला शिव्या देत घरी घेऊन आला. सारजानं त्याला शेळीचं दूध पाजलं आणि नाव ठेवलं चिमट्या.

नाव बरोबर ठेवलं होतं. काय चावायचं ते! भिंतीला टेकून ठेवलेलं वल्हं चावलं. सारजाचा पदर चावला. हैबतीच्या धोतराचे सोगे तर त्यानं असे कातरले की आठ दिवसांत धोतराचा पंचा झाला. दारावरून जाणाऱ्या माणसाची पोटरी, बसलेल्या माणसाचं कोपर, निजलेल्या माणसाचा कान, त्याला काहीही चाले. दात कसले, बाभळीचे काटे! पंधरा दिवसांत गावात ज्याच्या हातापायाला हळद लावलेली नाही असा माणूस उरला नाही. परगावचे लोक विचारू लागले की बेलडोहात एवढी लग्नं कधी निघाली?

आणि गावानं काय करावं? प्रत्येकाचा उपाय वेगळा. कोणी पिल्लाच्या नाकाडावर चापट मारी, मग पिल्लू समजे की कुस्ती सुरू झाली. कोणी किंचाळत पळत सुटे, मग पिल्लू समजे की शिवाशिवी सुरू झाली. कोणी बोटांना मिरचीचं तिखट चोळलं, आणि ते विसरून स्वतःचेच डोळे चोळले. आणि बाकीचे सगळे, विशेषतः साऱ्या गावाची आत्या असलेली गोदूआत्या, काय करायचे सांगू? पिल्लू चावलं की कनवटीचा गूळ काढून त्याच्या पुढे टाकायचे. घे बाबा, तोंड गोड कर आणि सोड एकदाचं. गाववाल्यांना दुसरं काय येत होतं? चिडला की गूळ, ही त्यांची रीत. पिल्लू शहाणं होतं. पायाला दात लावला की गूळ मिळतो, हे त्याला दोन दिवसांत पाठ झालं. गूळ हवा असला की ते माणूस शोधत निघे.

हैबतीचा घसा बसायची वेळ आली. तो पिल्लावर ओरडे, गोदूआत्यावर ओरडे, पळणाऱ्यांवर ओरडे. ओरडणाऱ्यालाही गूळ द्यायचा म्हणून लोक त्यालाही गूळ देत. गूळ हातात धरून तो नुसता उभा राही.

मग भाद्रपदात गौरी बसल्या त्या दिवशी नको ते झालं. काहिलीत नऊ जण बसले होते. त्यात गावचे निळोजी पाटील होते, त्यांची म्हातारी आई होती आणि एक बाहेरगावचा कापडवाला होता. चिमट्या हैबतीच्या पायाशी होता. काहील डोहाच्या मध्यावर आली आणि चिमट्यानं कापडवाल्याच्या पायाचं बोट धरलं. कापडवाला बाहेरचा. त्यानं "मेलोऽ" म्हणून टुणकन उडी मारली. काहील कलली, कापडाचे गठ्ठे गेले, आणि त्यांच्याबरोबर पाटलांची आई डोहात गेली.

हैबतीनं पाण्यात सूर मारला. म्हातारीला त्यानं अंबाड्याला धरून वर काढलं. ती जगली, चांगली पुढे दहा वर्षं जगली, पण पाटलांनी त्या दिवशी आपल्या आईचा पांढरा चेहरा पाहिला होता. काठावर आल्यावर ते ओरडले नाहीत. ते हळू बोलले, आणि ते जास्त वाईट होतं.

"हैबती, दसऱ्याला काहील पान्यातनं निघंल. त्या दिवशी समद्या गावाम्होरं ह्या कुत्र्याला सोडायचं. कुनाला म्हंजे कुनाला जरी दात लावला, तर गळ्यात धोंडा बांधून डोहात. आन् त्यो तूच टाकायचास. डोह तुज्याबिगर कुनाला ठावं न्हाई."

"टाकतो!" हैबती म्हणाला. "दसऱ्याची वाट कशापायी बघायची? आत्ताच टाकतो! पिसाळलोय मी ह्याच्यापायी!"

पण टाकला का? नाही. रागातसुद्धा त्याला रीत आठवली. नदीनं दिलेलं नदीत टाकायचं नाही. पाटलांचा शब्द मोडायचा नाही. आता काय करायचं? तो ओल्या कपड्यांनी घरी जाऊन बसला. चिमट्या त्याच्या मांडीत चढला, त्यानं त्याचा अंगठा तोंडात घेतला आणि चावता चावता झोपून गेला. झोपल्यावर त्याच्या तोंडातली पकड सुटली आणि अंगठा तसाच त्याच्या जिभेवर राहिला. हैबतीला अंगठा काढता येत होता. त्यानं काढला नाही. मग तो रडला. एवढा दांडगा माणूस, ज्याच्या आवाजानं बैल थांबायचे, तो भर दुपारी दारात बसून रडला. हे सारजानं पाहिलं म्हणून आपल्याला माहीत आहे.

सारजा म्हणाली, "अवो, कुंभाराच्या वाड्यात चला. काय तरी दाखवायचं हाय."

कुंभाराची कुत्री व्यालेली होती. पाच पिल्लं होती, चिमट्याच्याच वयाची. दोघं मडकी भाजायच्या भट्टीजवळ बसून त्यांचा खेळ पाहत राहिली. पिल्लं एकमेकांना चावत होती, अगदी चिमट्यासारखीच. पण एकाचा दात जरा जास्त लागला की दुसरं "क्याँव" करी, अंग आक्रसून बसे आणि तोंड फिरवी. चावणारं पिल्लू थांबे. इकडे बघे, तिकडे बघे. खेळ संपला की काय, असं त्याला वाटे. मग ते हळूच येऊन चाटे, आणि पुन्हा खेळ सुरू होई. या वेळी दात हलका.

"बघितलं का?" सारजा म्हणाली. "ह्यास्नी येकमेकांनी शिकवलं. आपलं एकलंच आलं पुरातनं. त्याला कुनी सांगितलंच न्हाई, की दुखतं."

हैबतीनं हळद लावलेला आपला अंगठा उलटसुलट करून पाहिला. मग सारजानं विचारलं, "आन् मला सांगा, काहिलीत आजवर किती जनांस्नी चावलंय त्ये?"

त्यानं आठवून पाहिलं. श्रावणापासून चिमट्या रोज काहिलीत होता. तोंडात तर त्यानं सगळ्यांचे पाय धरले होते. पण काहिलीत कोणी हलत नसे, हैबतीची भीती! धोतर धरलं तरी माणूस दगडासारखा बसे. मग चिमट्या कंटाळून सोडून देई. रक्त निघालं ते एकाच माणसाचं, कापडवाल्याचं. जो हलला त्याचंच.

हैबतीनं स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. एवढे दिवस त्याचा नियम त्याच्याच काहिलीत कुत्र्याला शहाणं करत होता, आणि काठावर उतरलं की सगळं गाव नाचून त्याला वेडं करत होतं.

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. पहिली शिकवणी हैबतीचीच झाली. चिमट्यानं अंगठा धरला आणि हैबतीनं पिल्लासारखं ओरडायचं ठरवलं. पण त्याला हळू ओरडायची सवय कुठे होती? त्यानं जे काही "क्याँऽव" केलं, त्यानं चिमट्या कणगीमागे जाऊन दडला आणि शेजारीपाजारी काठ्या घेऊन धावत आले.

सारजा म्हणाली, "अवो, पिल्लू वरडतंय का रेडा?"

मग तो शिकला. नदीकाठी एकटा बसून तो बारीक आवाजात क्याँव, क्याँव करी, आणि पाणी भरायला आलेल्या बाया तोंडाला पदर लावून हसत. त्यानं हसू दिलं. चिमट्यानं जोरात दात लावला की हैबती बारीक क्याँव करी, मग दगडासारखा बसे आणि तोंड फिरवी. हात हिसकायचा नाही. मारायचं नाही. पळायचं नाही. चिमट्या बावचळून दात सोडी, आणि सोडला रे सोडला की हैबती त्याला उसाचं कांडं देई. माणूस चावायचा नाही, हे चाव. ऊस संपला की वल्ह्याला बांधायच्या जुन्या दोरखंडाची गाठ. आठ दिवसांत चिमट्याला दुखणं म्हणजे काय ते कळलं. आठ दिवस! कुत्र्याच्या पिल्लाला आठ दिवस लागले.

गावाला लागला महिना, आणि त्या महिन्यात हैबतीचे केस पिकले, असं म्हणतात. मला ते पटतं. तुम्हीच बघा ना, मघापासून मी सांगतोय हलू नका, आणि ते मागचे दादा चौथ्यांदा पाय आखडतायत.

तो घरोघर फिरला. "पिल्लानं धरलं की काहिलीत बसल्यावानी बसा. दुखलं तर हळू क्याँव म्हना. त्यानं सोडलं की मग गूळ. धरल्यावर न्हाई, सोडल्यावर." किती सोपं आहे! पण तालीम म्हणाली, आम्ही पैलवान माणसं, आम्ही कशाला क्याँव म्हणू? न्हाव्यानं हो हो म्हटलं आणि पिल्लू दिसताच वस्तरा टाकून झाडावर चढला. शेतावरचे गडी क्याँव म्हणाले, पण सगळे एकदम आणि एवढ्या जोरात, की चिमट्यासकट गावातली सगळी कुत्री जमा झाली. सगळ्यात वरताण गोदूआत्या. ती एका जागी बसायची, क्याँवही म्हणायची, सगळं बरोबर करायची, आणि चिमट्याचे दात पायात असतानाच हळूच गूळ द्यायची.

"आत्ते, सोडल्यावर द्यायचा!"

"आरं, किती येळ सोडंना झालंय ते. म्हनून दिला."

"दिलास म्हनून सोडंना!"

"बरं बाबा, चिडू नगंस. हा घे गूळ."

हैबतीला ओरडावंसं वाटे. पण तो ओरडला की चिमट्याचा दात घट्ट होई, हे त्याला कळलं होतं. म्हणून तो ओठ चावून गप्प बसे. त्या एका महिन्यात तो जेवढं ओरडला नाही, तेवढं आणखी कोणी आयुष्यभर ओरडलं नसेल. लोकांना आधी ते कळलं नाही. मग एक दिवस काहिलीत बसल्यावर कोणीतरी चुळबुळलं, आणि सगळे कानांत बोटं घालून वाट बघत राहिले. ओरडणं आलंच नाही. हैबती नुसता हळू म्हणाला, "काहिलीत हाय आपन." त्या दिवशी गाव पहिल्यांदा मनापासून स्थिर बसलं.

आणि मग दसरा आला.

काहील घासून काठावर आणून ठेवली होती. तिला झेंडूची माळ होती, हळदकुंकू होतं. विळे, कुदळी, पहारी बाजूला मांडल्या होत्या. त्यांच्याजवळ एक धोंडा ठेवला होता आणि त्याला दोर बांधलेला होता. तो कोणी ठेवला हे कोणी विचारलं नाही. सगळं गाव मांडी घालून बसलं. सारजानं चिमट्याला खाली ठेवलं.

चिमट्या फिरू लागला. त्यानं पैलवानाचा पंजा हुंगला, पैलवान बसून राहिला. त्यानं न्हाव्याचा गुडघा चाटला, न्हाव्याला घाम फुटला पण तो बसून राहिला. गोदूआत्याजवळ तो बराच वेळ थांबला, जुनी ओळख ती. गोदूआत्यानं पदराची गाठ दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरली, डोळे मिटले आणि गूळ दिला नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, असं म्हणतात.

शेवटी तो निळोजी पाटलांपाशी आला. पाटलांनी मूठ पुढे केली. त्या मुठीत गुळाचा खडा होता, त्यांनी मुद्दामच ठेवला होता. चिमट्याला वास आला. त्यानं मूठ हुंगली, चाटली, नाकानं ढकलली. मूठ उघडेना. मग त्यानं पाटलांचा अंगठा तोंडात धरला.

सगळ्या गावाचा श्वास थांबला. नदीचंही पाणी थांबलं, असं म्हणतात. हैबतीच्या गळ्यात तो जुना आवाज दाटून आला. तोंड उघडलं असतं तर तीन कोसांवर गेला असता तो, आणि चिमट्यानं दचकून दात आवळला असता. त्यानं तोंड उघडलं नाही. त्यानं धोंड्याकडे पाहिलं नाही. तो नुसता पाटलांच्या डोळ्यांत बघत बसला, आणि तेवढं बघणं त्याला पुराच्या पाण्यात वल्हं मारण्याहून जड गेलं.

पाटील हलले नाहीत. त्यांच्या मिशा थरथरल्या, पण हात हलला नाही. आणि मग पाच गावांचा कारभार बघणाऱ्या निळोजी पाटलांनी, सगळ्या गावासमोर, बारीक आवाजात म्हटलं, "क्याँव."

चिमट्यानं अंगठा सोडला. मागे सरकून बसला. पाटलांकडे पाहिलं, मान वाकडी केली, आणि पुढे येऊन जिभेनं अंगठा चाटला.

कोणी हसलं नाही. पाटलांचा शब्द सगळ्यांना आठवत होता. दात लावला तर डोहात. दात लागला होता. हैबती उठला, धोंड्याजवळ जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "पाटील, तुमचा शबूद त्यो शबूद. पर नदीनं दिल्यालं मला नदीत टाकता येत न्हाई. टाकायचंच आसंल, तर ह्या दोराला आमी दोघं बी बांधून घेतो." हे तो ओरडून म्हणाला नाही. म्हणूनच शेवटच्या माणसापर्यंत ते ऐकू गेलं.

पाटलांनी आपला अंगठा डोळ्यांजवळ नेला आणि बराच वेळ पाहिला. सारजा अगदी जवळ उभी होती. तिनं पाहिलं, अंगठ्यावर दाताच्या दोन बारीक खुणा होत्या. रक्त नव्हतं, पण खुणा होत्या. पाटलांनी तो अंगठा मुठीत झाकला.

"दात? कुटला दात?" पाटील म्हणाले. "वलं झालंय नुसतं."

मग त्यांनी दुसऱ्या हातावर गूळ घेतला आणि चिमट्यापुढे धरला. सोडल्यावर. धरल्यावर नाही.

सारजानं ती खुणांची गोष्ट पाटील वारल्यावरच सांगितली, तोवर कोणालाही नाही. आणि तो धोंडा? तो हैबतीनं उचलून आपल्या दारात टाकला, त्यावर बसून तो पुढे जेवायचा.

पुढे चिमट्या मोठा कुत्रा झाला. त्याचं तोंड इतकं हलकं झालं की टिटवीचं अंडं दातांत धरून तो नदी पोहून जायचा आणि पलीकडे अंड्याला चीर नसायची. पेटती पणती तोंडात धरून देवळापर्यंत न्यायचा, ज्योत हलायची नाही. असं म्हणतात. अंड्याचं मी मानतो. पणतीचं तुम्ही तुमचं ठरवा. एका मोठ्या पुरात हैबतीनं दहा माणसांच्या काहिलीत साठ माणसं घेतली. साठ जण असे बसले की कोणाची पापणी लवली नाही, आणि पूर काहिलीच्या दोन्ही बाजूंनी निघून गेला. काहील जागची हलली नाही.

आणि हैबती? म्हातारपणी तो एका दसऱ्याच्या सकाळी शेवटची खेप म्हणून काहिलीत बसला. बरोबर चिमट्या होता, तोही म्हातारा, दात पडलेले. डोहाच्या मध्यावर जाऊन त्यानं वल्हं आत ठेवलं. काहील ना वाहिली, ना फिरली. काठावरून लोकांनी हाका मारल्या. मग नदीवर धुकं उतरलं. धुकं निवळलं तेव्हा काहील आपली आपण काठाला लागली होती. आत पाण्याचा थेंब नव्हता. एक गुळाचा खडा होता, एका बाजूनं चाटलेला. असं म्हणतात.

आता नदीवर पूल आहे. काहिलीतून कोणी जात नाही. पण दसऱ्याला आम्ही ती पाण्यात उतरवतो. वर्षभरात जन्मलेली गावातली सगळी पिल्लं तिच्यात बसवतो, दहा माणसं बसतात, आणि काठावर सगळं गाव मांडी घालून बसतं. पाटलांच्या घरातला थोरला माणूस सगळ्यात लहान पिल्लाच्या तोंडात अंगठा देतो आणि क्याँव म्हणतो. सध्याचे पाटील तालुक्याला शाळेचे मुख्याध्यापक आहेत, चष्मा लावतात, पोरं त्यांना चळाचळा कापतात. पण दसऱ्याला येतात आणि म्हणतात. हसायचं नाही, असा नियम आहे. मग ते अंगठा मुठीत झाकतात. आत खुणा आहेत की नाहीत, हे आजवर कोणी विचारलेलं नाही.

आणि गल्लीत एखादं पिल्लू पायाला लागलं, तर आमच्याकडे कोणीतरी नुसतं म्हणतं, "काहिलीत!" की आख्खी गल्ली असेल तिथे थांबते. परवा तर वरातीतला नवरदेव घोड्यावर एक पाय टाकून तसाच राहिला. परगावची वऱ्हाडी मंडळी घाबरली. आम्ही म्हटलं, थांबा, सोडेल.

गुळाची रीतही बदलली. आता भांडणात मोठा खडा ओरडणाऱ्याला मिळत नाही, आधी सोडणाऱ्याला मिळतो. त्यामुळे भांडणं कमी झाली असं नाही, कोणी आधी सोडलं यावरून नवी निघाली. काय करता! गाव आहे. पण माझ्या धाकट्या भावाशी माझा बांधाचा वाद होता, अकरा वर्षं आम्ही बोललो नव्हतो. गेल्या साली दसऱ्याला तो काठावर माझ्याशेजारी येऊन बसला, आणि मी काही म्हणायच्या आत त्यानं माझ्या हातावर गूळ ठेवला. मी म्हटलं, मी कुठे सोडलंय अजून? तो म्हणाला, सोडशील.

बघा. बघितलंत का? हलू नका म्हटलं तर. सुटला अंगठा पिल्लाच्या तोंडातून. मघाशी एकदा जरा जोरात लागला होता त्याचा दात, तुम्ही गोष्टीत होतात, तुम्हाला कळलं नाही. झोपलं आता. खुणा? कुठल्या खुणा? ओलं झालंय नुसतं. तुमच्या पिशवीत गूळ आहे ना, तो काढून ठेवा. उठलं की त्याला द्या.